अप्रकट उष्मा

विज्ञानाच्या पुस्तकातले काही शब्द मला फार आवडतात. संप्लवन, सांद्रीभवन, उत्कलन... आणि सगळ्यांत लाडका म्हणजे 'अप्रकट उष्मा'. मी मराठीची बी.ए. विज्ञानाशी माझा संबंध यायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. पण आमची शाळा लहान, विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास बाईंच्या गळ्यात! मग मी आदल्या रात्री पुस्तक वाचून तयार होत असे.

त्यातला एक प्रयोग मुलांना भारी आवडायचा. रसवंतीतून बर्फाचा तुकडा आणायचा, भुसा धुऊन तो फोडायचा, चंचुपात्रात टाकायचा. खाली स्पिरिटचा दिवा, आत तापमापी. एकानं ढवळायचं आणि एकानं दर मिनिटाला आकडा वाचायचा. बाकीच्यांनी वहीत लिहायचा. शून्य... शून्य... शून्य! दिवा तर चांगला जळतोय, बर्फ विरघळतोय, पण पारा हलायला तयार नाही. एखादा तरी हटकून विचारायचाच, "बाई, तापमापी बिघडली का?"

बिघडलेली नसते. बर्फात पाण्याचे कण एकमेकांना धरून, जागच्या जागी बसलेले असतात. दिलेली उष्णता ती पकड सोडवण्यात खर्च होते. पारा वर चढवायला काही उरतच नाही. शून्य अंशाच्या १ ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं! एवढं सगळं आत गेलं आणि तापमापीवर त्याची नोंद शून्य. म्हणून तो उष्मा अप्रकट. शब्द घडवणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला मी.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या सुमारास. त्यांचा विचार किती साधा बघा. थंडी संपून हवा शून्याच्या वर गेली की बर्फ एकदम वितळत असतं, तर दर वसंतात नद्यांना प्रलय आला असता. तसं होत नाही, डोंगरावरचं बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतं. आपल्याकडे ऐन मे महिन्यात गंगेला हिमालयातून पाणी येत राहतं, त्यामागे हाच ८० कॅलरींचा हिशेब आहे.

वाफेचा हिशेब याहून मोठा. १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, आणि वाफेचं परत पाणी होताना ती सगळी उष्णता बाहेर पडते. मोदकपात्रातले उकडीचे मोदक शिजतात ते त्यावरच. वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते आणि आपल्याजवळचं सगळं देऊन टाकते. झाकण काढताना हातावर आलेली वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, तीही याचमुळे. सुनांनो, लक्षात ठेवा. आणि आमटीला एकदा उकळी फुटली की गॅस मोठा ठेवून काही उपयोग नाही. ती जास्त तापत नाही, नुसती आटते.

हे सगळं आज का आठवलं, ते सांगते. ह्यांना २०१८ साली पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची. मऊ चेंडू हातात द्यायचा, 'काका, दाबा' म्हणायचं. चेंडू दाबला जायचा नाही. एक महिना, दोन महिने, चार महिने... मी वहीत रोज लिहीत होते, शिक्षकी सवय! प्रत्येक ओळीत तेच, 'फरक नाही.' नातेवाईक फोन करायचे, मी सांगायची, 'आहे तसंच आहे.' हे एकदा चिडून म्हणाले, "बंद कर ते लिहिणं." तेव्हा मला ती शून्य, शून्य, शून्यची वही आठवली. मी लिहिणं बंद केलं, व्यायाम मात्र केला नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी अंगठा हलला. नंतर हळूहळू बोटं.

पण बर्फाची उपमा फार ताणायची नाही हेही मला कळतं. बर्फाला किती उष्णता लागेल ते पुस्तकात छापलेलं आहे, आणि तेवढी दिली की तो वितळतोच. माणसाचा आकडा कुठेच छापलेला नाही. ह्यांच्याच बरोबर व्यायामाला सुरुवात केलेल्या एका गृहस्थांचा हात शेवटपर्यंत उठला नाही, आणि त्यांच्या घरचे करण्यात कुठे कमी पडले नव्हते. ह्यांचंही सगळं परत आलेलं नाही. कप धरता येतो, शर्टाची गुंडी लावता येते. सही येत नाही. बँकेत अंगठा उठवावा लागतो, आणि आयुष्यभर मोत्यासारखं अक्षर असलेल्या माणसाला त्याची खंत आहेच.

तरी घरात कुणी आजारी असेल, आणि विचारणाऱ्याला रोज 'फरक नाही' सांगून जीव कंटाळला असेल, तर एवढंच सांगेन की पारा हलत नाही म्हणजे दिवा वाया जातोय असं लगेच समजू नका. काही वेळा जातही असेल. पण ते बाहेरून बघून ठरवता येत नाही.

असो. पाच वाजत आले. ह्यांच्या चेंडूची वेळ झाली.