पेशीपटलाबद्दल माझं मत का बदललं

पेशीपटल म्हणजे पेशीचं कुंपण, असं मी बरीच वर्षं मानत आणि शिकवत आले. मेदरेणूंचे दोन थर, त्यांत बसवलेली प्रथिनं. काम प्रथिनांचं, मेदाने फक्त आतलं आत नि बाहेरचं बाहेर ठेवायचं. पेशीने वाढायचं की थांबायचं, हा निर्णय केंद्रकातल्या जनुकांचा, यावर माझा पूर्ण विश्वास होता. आज तसं वाटत नाही.

हे घडलं पीटेन या जनुकामुळे. १९९७ मध्ये ते सापडलं ते कर्करोगाला आवर घालणारं जनुक म्हणून. मेंदू, स्तन आणि प्रोस्टेटच्या अनेक गाठींमध्ये ते बिघडलेलं होतं. त्याची ठेवण पाहता ते प्रथिनांवरचे फॉस्फेट काढत असणार, असा अंदाज होता. पण पुढच्याच वर्षी माएहामा आणि डिक्सन यांनी दाखवून दिलं की ते फॉस्फेट काढतं एका मेदावरचा. इथे मी थबकले.

पटलाच्या आतल्या थरात पीआयपी-२ नावाचा मेद थोडासाच असतो. इन्सुलिनसारखा वाढीचा संदेश बाहेर येऊन ठेपला, की पीआय-३-कायनेज हे विकर त्याच्यावर आणखी एक फॉस्फेट चढवतं. झाला पीआयपी-३. पेशीद्रवात फिरणारं एकेटी हे प्रथिन येऊन त्याला चिकटतं, तिथेच जागं होतं, आणि पेशी वाढीला लागते. पीटेन तो चढवलेला फॉस्फेट उतरवतं. ते नसेल तर पीआयपी-३ साचत जातो आणि बाहेरून पुरेसा संदेश नसतानाही पेशी वाढत राहते. केवढा हा एका फॉस्फेटचा अधिकार!

मग जुनी नोंदही वेगळी दिसू लागली. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांना ॲसिटिलकोलीन दिलं, तेव्हा पेशींतल्या मेदांत किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्याने शिरला. नुसत्या कुंपणात एवढी उलाढाल कशाला होईल?

जनुकांचं मोल मी कमी लेखत नाही. पीटेन हेही जनुकच. पण ती साधनं घडवतात. वाढ आत्ता हवी की नको, याचा बराचसा निवाडा मेदाच्या त्या पातळ थरावरच होतो, असं माझं आताचं मत आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अल्पेलिसिब हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध पीआय-३-कायनेजलाच अडवतं. ते घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या रक्तातली साखर वाढते, कारण इन्सुलिनचा निरोपही याच मेदामार्फत पोहोचतो.