किती जणांचे मैदान

गेल्या वैशाखातली बुद्धपौर्णिमेची रात्र आम्ही नागझिऱ्याच्या एका पाणवठ्यावर, मचाणावर बसून काढली. सोबत जवळच्याच गावातला एक तरुण गाईड होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि झोळीत कोल्हापूरहून आलेले पुतण्याचे पत्र होते. जंगलात पत्र घेऊन जाण्याचे कारण एवढेच, की त्याला उत्तर द्यायचे दोन महिने राहून गेले होते आणि रात्रभर जागे राहायचे म्हटल्यावर उत्तर टाळण्यास सबब उरणार नव्हती.

आमचा पुतण्या पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे काम पाहतो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांस हे वाक्य विचित्र वाटेल. तालीम म्हणजे लाल माती, मल्ल आणि खुराक. तिथे फुटबॉल कुठून आला? पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींचीच नावे आहेत आणि तीच फुटबॉल संघांचीही. यांतल्या कोणाचेच स्वतःचे मैदान नाही. सगळे शाहू स्टेडियमवर खेळतात. घरचे आणि परके असा भेद तिथे नसतो. असतो तो पेठेचा. पुतण्याने लिहिले होते : "काका, मोठ्या मॅचला लई गर्दी होते, पोरं जागा मिळंना म्हणून परत जात्यात. स्टेडियम वाढवा म्हणून सगळ्या तालमींच्या सहीनं एक निवेदन द्यावं म्हणतोय. तुम्ही प्रोफेसर. तुमच्या भाषेत लिहून द्या."

आमच्या भाषेत! गोंदिया जिल्ह्यात तीस वर्षे मराठी शिकवून आमची भाषा कोणाची राहिली आहे, हा वेगळाच प्रश्न. पण खरी अडचण भाषेची नव्हती. स्टेडियम वाढवावे असे आम्हांस वाटत नव्हते, आणि का वाटत नाही हे नीट सांगताही येत नव्हते.

आमच्या लहानपणी वडील आम्हांस खांद्यावर घेऊन सामन्याला जात. पायऱ्यांवर माणूस माणसाला इतका खेटून बसलेला असे, की पुढच्याने उसासा टाकला तरी मागच्याच्या छातीला तो कळावा. चेंडू दिसे तेवढा दिसे; उरलेला खेळ शेजारच्याच्या शिव्यांवरून समजे. आम्हांस फुटबॉलचे नियम असे कानाने कळले. ही दाटी सैल केली, प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची दिली, तर त्या खेळाचे काय उरेल, अशी काहीशी आमची धास्ती होती. आठवण ही मोठी स्वार्थी वस्तू आहे. तिला आपल्या मापाचीच जागा हवी असते.

धास्तीला पुरावे मात्र आमच्यापाशी भरपूर होते. विदर्भात राहणाऱ्याला फार लांब जावे लागत नाही. नागपूरचे जुने क्रिकेट मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, शहराच्या पोटात. २००८ साली वर्धा रस्त्यावर जामठ्याला नवे, प्रशस्त, सुमारे पंचेचाळीस हजारांचे स्टेडियम उभे राहिले. त्याच नोव्हेंबरात तिथे पहिली कसोटी झाली, समोर ऑस्ट्रेलिया. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी. यापेक्षा मोठे निमंत्रण प्रेक्षकाला काय हवे? तरीही गॅलऱ्या पुष्कळशा ओस दिसत होत्या. जुन्या मैदानावर माणूस कचेरीतून सुटल्यावर चालत जाऊन शेवटचे सत्र पाहू शके. जामठ्याला जायचे तर दिवसाचा बेत आखावा लागतो. अर्थात जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट आम्ही सोयीने विसरतो. १९९५ च्या नोव्हेंबरात, भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्याच्या वेळी, त्याच जुन्या मैदानात गॅलरीची भिंत कोसळून सामना पाहायला आलेली माणसे मेली होती. दाटीला आम्ही जिव्हाळा म्हणतो, त्या दाटीला हेही नाव आहे. मचाणावर हा विचार आला आणि वडिलांच्या खांद्यावरची ती जागा थोडी हलल्यासारखी वाटली.

मुंबईची गोष्ट याहून बोलकी. मुंबई सिटी हा संघ २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये आहे. पहिले दोन हंगाम तो नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळला. पन्नास हजारांवर माणसे मावतील असा तो क्रिकेटचा वाडगा. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला, सात-आठ हजारांच्या मैदानात. म्हणजे प्रेक्षक वाढावेत म्हणून क्लबने जागा घटवली, असेच म्हणायचे. लहान मैदान भरलेले दिसते, भरलेल्या मैदानात आवाज घुमतो, आणि आवाज ऐकून माणूस पुन्हा येतो. इटलीत युव्हेंट्सने हेच मोठ्या प्रमाणावर केले. देल्ले आल्पी हे सत्तर हजारांच्या आसपासचे स्टेडियम, मैदानाभोवती धावपट्टी, प्रेक्षक खेळापासून कोसभर दूर आणि खुर्च्या रिकाम्या. ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये त्यांनी एकेचाळीस हजारांचे नवे उभारले, अगदी मैदानाला भिडवून. पण मुंबईच्या गोष्टीला एक शेपूट आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात आशियाई स्पर्धेत सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ आला, तेव्हा सामना पुन्हा नेरूळलाच ठेवला गेला आणि हजारो लोक लोटले. ज्याच्यासाठी तिकिटांची झुंबड उडाली तो नेमार आधीच जायबंदी झाला होता. तो आलाच नाही. त्या रात्रीच्या प्रेक्षकांपैकी किती जण पुढच्या सामन्याला अंधेरीला गेले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

रात्री साडेअकराच्या सुमारास पाण्यावर एक रानगवा आला. चांदण्यात त्याचे पांढरे पायमोजे तेवढे आधी दिसले. तो पाणी पिऊन गेला आणि पुन्हा दोन तास काहीच नाही. आम्हांस मौज वाटली : रात्रभर जागणारे दोनच प्रेक्षक, आणि खेळाडू येतीलच याची शाश्वती नाही. नागझिऱ्याचे वैभव आमच्या लेखी हेच होते. आत वीज नाही, कंदिलाच्या उजेडात जेवायचे, तळ्यावरच्या आवाजांत झोपायचे. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले, किरण पुरंदरे चारशे दिवस या रानात राहिले आणि त्यांनी 'सखा नागझिरा' लिहिले. ही पुस्तके आम्ही वर्गात वाचून दाखवली, आणि ती ऐकून आमचे किती विद्यार्थी बायकामुलांसह इथे येऊन गेले! एकांताची स्तुती करणारे प्रत्येक पुस्तक एकांतात एक माणूस वाढवते. तेव्हा गर्दी नको म्हणणाऱ्या आम्हीच गर्दीची जाहिरात केली, हेही कबूल करायला हवे.

इथेही नेमार होऊन गेला आहे. 'जय' नावाचा वाघ मूळचा याच रानातला. २०१३ मध्ये तो शेते, नाले, रस्ते ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, आणि त्याच्यामागोमाग पर्यटकांची वाट तिकडे वळली. त्या अभयारण्याचे नाव ज्यांनी ऐकले नव्हते त्यांना ते पाठ झाले. २०१६ च्या एप्रिलनंतर जय कोणाला दिसला नाही. त्याच्यासाठी आलेल्यांत जंगलासाठी पुन्हा आलेले किती?

हे सगळे आम्ही, मचाणावर बोलू नये हा नियम मोडून, हलक्या आवाजात गाईडला सांगितले. म्हटले, नागझिऱ्यात गाड्या वाढवू नयेत हेच बरे. तो गप्प राहिला. पाण्याकडे पाहत बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे. पण गाड्या वाढल्या त आमचा नंबर लवकर लागते. आता चार दिवसांत एकदा लागते."

आम्ही पुढे काही बोललो नाही. गेटवर गाईडांची पाळी असते. जितक्या गाड्या सुटतील तितक्यांचा त्या दिवशीचा चुलीचा प्रश्न मिटतो. पावसाळ्यात गेटे बंद, म्हणजे तेवढे महिने तेही नाही. आमचा एकांत हा त्याचा रिकामा दिवस आहे, हे तीस वर्षे इथे येऊन आम्हांस सुचले नव्हते. जंगलाला मर्यादा हवी हे खरे आहे, आणि आम्ही अजूनही तेच म्हणू. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने थांबवले आणि मग मर्यादा घालून ते पुन्हा सुरू झाले, ते योग्यच झाले. वाघिणीच्या पिलांना पाळी नसते. पण स्टेडियम हे जंगल नव्हे. तिथे माणसे वाढली म्हणून चेंडू बिथरून मैदान सोडून जात नाही. दोन्ही गोष्टी एका दावणीला बांधून आम्ही आपल्या आवडीला तत्त्वाचे रूप देत होतो.

पहाटे दोनच्या पुढे आम्ही बॅटरीच्या लाल उजेडात पत्र पुन्हा वाचले. पहिल्या खेपेस डोळ्यांखालून निसटलेली एक ओळ होती. पुतण्याची मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते. तिला पाटाकडील आणि दिलबहारचा सामना पाहायचा होता, "पण त्या गर्दीत पोरीला कुठं न्यायचं?" एवढेच त्याने लिहिले होते. आम्हांस आमच्या बहिणी आठवल्या. वडिलांचे खांदे दोन होते आणि आम्ही भावंडे चार. पण बहिणींपैकी एकीलाही त्या खांद्यावरून सामना दिसला नाही. त्या दाटीच्या उबेत त्या कधीच नव्हत्या. घरी येऊन आम्ही सांगू तेवढाच त्यांचा फुटबॉल.

कोल्हापूरच्या मातीत या प्रश्नाचे एक जुने उत्तर उभे आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोममधले जुने प्रेक्षागार त्यांनी पाहिले आणि त्यावरून खासबागेचे कुस्तीमैदान सुचले, असे सांगतात. १९१२ मध्ये ते तयार झाले. हौद मध्ये, आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारी उतरंड. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मल्लाची पकड दिसावी, ही त्यामागची युक्ती. हजारो माणसे मावतात आणि तरी कोणी दूर नाही. महाराजांनी आकडा आधी ठरवला की नजर, हे आम्हांस ठाऊक नाही. पण बांधणी पाहिली तर नजरच आधी ठरवली असावी असे वाटते. जामठ्याला आणि नेरूळला फुटबॉल-क्रिकेटचा आकडा आधी ठरला असणार.

निवेदन आम्ही विश्रामगृहावर परतल्यावर, सकाळच्या चहाबरोबर लिहिले. किती हजारांचे स्टेडियम हवे हे त्यात लिहिले नाही. शेवटच्या पायरीवरून गोलरक्षकाचे हात दिसावेत, बाहेर पडायच्या वाटा रुंद आणि पुरेशा असाव्यात, स्त्रियांसाठी बसायची जागा व स्वच्छतागृहे आधी व्हावीत आणि गॅलरी नंतर वाढावी, आणि मैदान शहरातून हलवू नये, असे लिहिले. वाढवा हा शब्द मात्र घातला. तो लिहिताना हात थोडा अडखळला, हे खरे.

पुतण्याचे उत्तर गोंदियाला पंधरा दिवसांनी आले. मसुदा त्याला आवडला. दोन ठिकाणी फार अवघड झाला आहे, म्हणून त्याने तो आपल्या शब्दांत फिरवून घेतला होता. खाली एक ओळ होती : "काका, तुम्ही शेवटची मॅच कधी बघितलासा?"

आम्ही हिशेब केला. नोकरीला लागण्यापूर्वीची ती, वडील हयात असतानाची. पुढचा हंगाम थंडीत सुरू होईल. आरक्षण अजून केलेले नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते आणि थेट कोल्हापूरला जाते, तेव्हा तीही सबब नाही. पुतण्याला कळवले आहे, की तीन जागा धर, एक पोरीची.