बिनआरशाची डबी

आमचे चिरंजीव गतवर्षी कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा स्वस्तात घेऊन आले, तेव्हा मातोश्रींनी विचारले, "अरे, ही तपकिरीची डबी कुणी दिली तुला?" त्यांची काही चूक नव्हती. पॅनासोनिकने २०१३ साली काढलेला हा जीएम-१ वजनाने जेमतेम २०० ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात मावतो. आता तो निघतही नाही. मात्र याचे भिंग काढून दुसरे बसविता येते हे ऐकले आणि आम्हांला माळ्यावरचा पितळी डबा आठवला.

त्या डब्यात आमच्या वडिलांच्या रशियन झेनिट कॅमेऱ्याचे हेलिऑस भिंग होते. कॅमेरा केव्हाच निकामी झालेला. ऑगस्ट २००६ मध्ये तापी पात्रात मावेना आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली, तेव्हा अडाजणच्या आमच्या घरी वडिलांनी काढलेली सारी छायाचित्रे, निगेटिव्हांसकट, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. चिखल उपसताना हाती आला तो एक करडा गठ्ठा. पाने सोडवू गेलो तर चेहरेच कागदावरून निघून आले. वडील त्यापूर्वीच गेले होते. त्यांनी पाहिलेले सारे गेले. ज्यातून पाहिले ते भिंग तेवढे राहिले.

जुन्या कॅमेऱ्यात भिंगामागे तिरका आरसा असे. त्याला हलावयास जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून ४५ मिलिमीटरांहून थोडी अधिक दूर. या डबीत आरसाच नाही. येथे ते अंतर १९ मिलिमीटरांच्या आसपास. मधल्या २६ मिलिमीटरांत धातूचे एक पोकळ कडे बसविले की जुने भिंग आपल्या हक्काच्या अंतरावर उभे राहते. आमच्या विज्ञानशिक्षकांना हे सांगितले तर ते म्हणाले, "सर, यात नवल ते काय?" नसेल, आम्हांला मात्र त्या रात्री झोप आली नाही. आतील संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीच्या सुमारे पाव, त्यामुळे ५८ मिलिमीटरांचे हे भिंग दूरचे दुप्पट जवळ ओढते. स्पष्टता मात्र हातानेच साधावी लागते.

मातोश्री झोपाळ्यावर बसल्या होत्या. पहिल्या पाचसहा चित्रांत कान स्पष्ट, डोळे धूसर. मोबाइल पाहताच सावरावा तसा पदरही प्रत्येक वेळी सावरलेला. मग आठवले, वडील पावले मोजीत. भिंगाच्या कड्यावर मीटरांचे आकडे आहेत; आम्हांला भिंतीशी उभे करून ते मोठ्याने मोजीत मागे जात आणि तो आकडा लावीत. आम्हीही तसेच मागे सरकत मोजू लागलो, "एक, दोन..."

मातोश्रींनी चटकन मान वर केली. पदर सावरावयाचे त्या विसरल्या. तेवढे एकच चित्र नीट आले.

ते छापून आणून त्यांच्या हाती दिले. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "खालच्या कप्प्यात ठेवू नकोस हो."