भिंतीपलीकडचा चेंडू

चित्रपटगृहाच्या अंधारांत येणारें रडूं फार स्वस्त असतें, असें आमचे नाना नेहमीं म्हणतात. दिवे लागले कीं तें रुमालाबरोबर खिशांत जातें, आणि गाडी कोठें लावली होती याच्या विवंचनेंत मनुष्य पडतो. आमच्या घरीं मात्र एका चित्रपटानें असा कांहीं पेंच टाकला, कीं तो पाहून इतका काळ लोटला तरी पुरता सुटलेला नाहीं. असे पेंच इतर घरींही पडत असतील, म्हणून हा वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें एकत्र कुटुंब तामलवाडीचें. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचें हें गांव. कोजागिरीच्या सुमारास आई भवानीच्या दर्शनास पायीं निघालेल्या यात्रेकरूंची रीघ येथूनच पुढें जाते. चित्रपट पाहावयाचा म्हणजे आम्ही सोलापूर गांठतों. 2022 च्या मार्च महिन्यांत नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला, तेव्हां आम्ही लहानथोर मिळून नऊजण निघालों. मंजुळे हे करमाळा तालुक्यांतील जेऊरचे, म्हणजे आमच्या शेजारजिल्ह्यांतले. शिवाय चित्रपटांत अमिताभ बच्चन! देवळाखेरीज फारशा बाहेर न पडणाऱ्या मोठ्या काकूही त्या नांवावर गाडींत बसल्या.

चित्रपटाचा आधार खऱ्या हकीकतीचा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं एकदां भर पावसांत झोपडपट्टीतील मुलें फुटकी बादली लाथाडीत खेळतांना पाहिलीं, आणि 2001 सालीं अशा मुलांसाठीं फुटबॉलचा उपक्रम आरंभिला. पडद्यावरचीं मुलें चोऱ्या करितात, नशा करितात, हाणामारीस सदैव सिद्ध असतात. मास्तर आरंभीं त्यांना खेळण्याचे पैसे देतात. पुढें पैसे थांबतात, तेव्हां मुलें आपण होऊन चेंडू मागूं लागतात. कॉलेजच्या मुलांशीं त्यांचा सामना होतो, त्या वेळीं आमच्या रांगेंतील सर्वांनीं टाळ्या पिटल्या. परंतु पारपत्रासाठीं आपण कोण आहों याचा कागद एका आदिवासी मुलीला लागतो, आणि त्यासाठीं तिचा बाप वणवण हिंडतो, तेव्हां त्याच रांगेंत कोणी हूं कीं चूं केलें नाहीं. शेवटीं विमान आकाशांत चढतें, आणि ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची पाटी मिरविणारी भिंत खालीं जशीच्या तशी उभी असते.

परतीच्या वाटेवर गाडींत वाद जुंपला. धाकटी सून डोळे पुशीत म्हणाली, “मनाला केवढी उभारी आली!” नाना म्हणाले, “उभारी खरी, पण चोरी करणाऱ्याला यापुढें चोर म्हणूं नये कीं काय?” पुतण्यास चित्रपट लांबला असें वाटलें. 2009 सालीं ‘स्लमडॉग मिलियनेर’ आला, त्याला आठ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, त्या वेळीं आमच्या घरांत असा वाद झालाच नव्हता. परक्या दिग्दर्शकानें आमचें दारिद्र्य जगाच्या बाजारांत मांडलें, या एका वाक्यावर सगळ्यांचें एकमत झालें होतें आणि आम्ही स्वस्थ झोंपलों होतों. या खेपेस तें वाक्य उपयोगी पडेना. सांगणारा आपल्याच मातींतला, आणि हें जिणें त्यानें जवळून पाहिलेलें.

इतका वेळ गप्प असलेल्या मोठ्या काकू मग म्हणाल्या, “त्या मास्तरांनीं पोरांना घरांत बसवून त्यांच्या कहाण्या ऐकल्या. आपण कुणाला ओटीच्या आंत येऊं दिलें?” कोणीच उत्तर दिलें नाहीं. तेवढ्यांत आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, “आजोबा, माळ्यावरचा चेंडू कुणाचा आहे?”

हें प्रकरण वाचकांस सांगितलेंच पाहिजे. आमच्या वाड्यामागें परसाची भिंत आहे. पलीकडे मोकळी जागा, आणि मजुरीस आलेल्या कुटुंबांचीं पत्र्याचीं खोपटें. तेथील मुलांचा चेंडू वारंवार आमच्या परसांत पडे. एकदां त्यानें उन्हांत ठेवलेली लोणच्याची बरणी फोडली. आम्हीं भिंतीचे दोन थर वाढविले, वर सिमेंटांत बाटल्यांच्या काचा रोंवल्या, आणि चेंडू माळ्यावर टाकला. दहाबारा वर्षांचा एक मुलगा तीन दिवस संध्याकाळीं मागच्या दाराशीं येऊन उभा राही. “चेंडू इकडे आलाच नाहीं,” असें त्याला सांगणारे आम्ही स्वतःच. घरांत सत्यनारायण चुकत नाहीं. परंतु या असत्याचें आम्हांस त्या दिवसापर्यंत कधीं कांहीं वाटलें नव्हतें.

सोलापुरांत ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखली जाणारी वस्ती आहे. 1871 च्या कायद्यानें कांहीं जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि इंग्रजी अमदानींत अशा कुटुंबांना तेथें तारेच्या कुंपणांत ठेवण्यांत आलें. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला. मुलांना ही हकीकत सांगतांना आम्ही त्या कुंपणास निःसंकोच अन्याय म्हणतों. आपल्या परसांतील काचांस मात्र आम्ही खबरदारी म्हणत आलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवास घेऊन आम्ही चेंडू द्यावयास गेलों. तो मुलगा आतां मिसरूड फुटलेला तरुण झाला होता. गवंड्याच्या हाताखालीं कामास निघण्याच्या घाईंत होता. चेंडू पाहतांच त्यानें ओळखला. किंचित् हंसून म्हणाला, “हा इकडं आला नव्हता ना, काका?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यानें चेंडू दाबून पाहिला. हवा केव्हांच गेली होती. शेजारच्या लहानग्याकडे तो टाकून, डबा उचलून तो कामावर निघून गेला. पडद्यावर अशा प्रसंगीं संगीत वाजतें; येथें कांहींच वाजलें नाहीं.

पुढें 2025 च्या ऑक्टोबरांत एक बातमी आली. ‘झुंड’मध्यें काम केलेल्या मुलांपैकीं एका तरुणाचा नागपुरांत खून झाला. नानांनीं ती मोठ्यानें वाचावयास घेतली आणि मध्येंच थांबले. ज्या मुलाच्या खेळावर आपण टाळ्या वाजविल्या, त्याचें जिणें टाळ्यांनीं बदललें नव्हतें. मोठ्या काकूंनीं पदर डोळ्यांस लावला. तें रडूं भर दुपारचें होतें, आणि नाना त्यास स्वस्त म्हणाले नाहींत.

भिंतीवरच्या काचा काढाव्यात कीं नाहीं, यावर आमच्या घरांत अद्याप दोन पक्ष आहेत. काढाव्यात म्हणणारे आम्ही तिघेच. उरलेल्यांचें म्हणणें असें, कीं चोरी झाली तर चित्रपट भरून देणार नाहीं. तेंही अगदींच खोटें म्हणवत नाहीं. तूर्त तडजोड म्हणून मागचें दार संध्याकाळीं उघडें ठेवितों. चेंडू आला कीं मुलें आंत येऊन तो घेऊन जातात. एक कुंडी फुटली आहे. काकू मुलांना नांवें विचारतात, आणि दुसऱ्या दिवशीं विसरून पुन्हां विचारतात.