तंबोरा उशाशी

गेल्या पावसाळ्यात माझी झोप उडाली. कारणं होती, पण ती सगळ्यांनाच असतात. अंथरुणाला पाठ टेकली की गल्लीतली कुत्री, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, कुणाच्या तरी बुलेटचा धडधडाट, सगळं उशाशी येऊन बसायचं.

भाचीने फोनवर पावसाचा आवाज लावून दिला. दोन रात्री बऱ्या गेल्या. तिसऱ्या रात्री लक्षात आलं, या पावसात एक बेडूक आहे आणि तो फिरून फिरून त्याच सरीला ओरडतो. झालं! मी त्या बेडकाची वाट बघत जागी. मग गाणी लावली. गाणं कितीही संथ असो, मला ते ऐकावंच लागतं. सम आल्याशिवाय डोळा मिटत नाही. लहानपणी सहा वर्षं शिकले, त्याचं हे फळ.

शेवटी भाचीच्या रियाजाचं तानपुऱ्याचं अ‍ॅप हाती लागलं. पंचम, जोडाचे दोन षड्ज, मग खर्ज, आणि पुन्हा पंचम. लय अगदी सावकाश, आवाज इतका बारीक की कूस बदलताना पांघरूण सळसळलं तरी झाकला जावा. पुढे काहीच घडत नाही. मला तेच हवं होतं. खऱ्या तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून जवारी जमवतात, मग एकेक तार मधमाश्यांसारखी गुणगुणते. फोनमधली त्याची नक्कलच, पण झोपेपुरती चालते. त्या गुंजनात बाहेरचे आवाज बुडत नाहीत, पण टोचतही नाहीत. कुत्रं भुंकतं, पण दचकायला होत नाही.

एकदा नसता उद्योग म्हणून पहिली तार निषादावर लावली, मारव्याला लावतात तशी. रात्री एकपर्यंत टक्क जागी. निषाद सारखा षड्जाकडे ढकलत राहतो. तेव्हापासून पंचमाला हात लावत नाही.

"कुणीतरी गायला बसणार असं वाटत राहतं, आणि कुणी बसतच नाही," अशी ह्यांची कुरकुर आठवडाभर चालली. आता माझ्याआधी घोरतात.

परवा पहाटे साडेतीनला खाडकन जाग आली. कुत्री गप्प, गल्ली गप्प. फोनची बॅटरी संपून तंबोरा थांबला होता. आता फोन स्टुलावर चार्जरला लावते आणि मगच आडवी होते.