‘असर’ की एडीएचडी?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मूल एका जागी बसेना, की मोठी माणसं सैलानीबाबांच्या दर्ग्यावर न्यायला सांगतात. ‘असर’ म्हणतात, नाहीतर अम्मीच्या लाडाला दोष देतात. जियारतीला जरूर जावं. पण आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांना ही दोन्ही कारणं पटत नाहीत. लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, बरीचशी आनुवंशिक असते. कित्येकदा अब्बूही लहानपणी तसेच होते, हे दादीच सांगते!

रक्त तपासून हे कळत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची, सहा महिने तरी टिकलेली आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी हवीत. म्हणून आम्ही पालकांना वहीत लिहून ठेवायला सांगतो: शाळेत इमला अर्ध्यावर टाकतो, मकतबमध्ये सबक विसरतो, घरी जेवण सोडून पळतो. त्रास फक्त वर्गातच असेल, तर आधी कान-डोळे तपासावेत. गप्प बसून हरवलेल्या मुली मात्र कुणाच्या ध्यानातच येत नाहीत, त्यांचंही लिहा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा त्रास आहे. पथक शाळेत आलं की वही दाखवा. पुढचं निदान बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ करतील.