बाई, ह्याला सांगा ना!

बुधवार, २ जुलै
सकाळपासून पावसाची झड. मैदानात चिखल, त्यामुळे पहिली-दुसरीची सगळी फौज दिवसभर एकाच खोलीत. असल्या दिवशी तक्रारींना ऊत येतो. ‘ह्यानं माझी पट्टी घेतली.’ ‘हिनं माझ्या बस्करपट्टीवर पाय दिला.’ ‘बाई, ती माझ्याकडं बघायलीय!’ बघणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘तीच आधी बघायली, म्हणून मला दिसलं.’ यावर कुठलं कोर्ट निकाल देईल?

दोन वेण्यांची (मुलांची नावं इथे लिहीत नाही, वही टेबलावर पडलेली असते आणि दुसरीतले आता वाचू लागलेत) तासाभरात तिसऱ्यांदा आली. ‘बाई, त्यानं मला जीभ दाखवली.’ मी म्हटलं, ‘बरं, मग काय करू या?’ क्षणभर विचारात पडली. ‘काही नाही. सांगितलं फक्त.’ आणि उड्या मारत जागेवर गेली. निम्म्याहून जास्त तक्रारी या जातीच्या असतात. निकाल नको असतो, बाईंच्या कानावर पडलं की काम झालं. नवीन शिक्षक अशा प्रत्येक तक्रारीवर आरोपीला उभं करतात आणि मिटलेलं भांडण पुन्हा पेटवतात.

शनिवार, ५ जुलै
उद्या आषाढी, म्हणून आज शाळेची दिंडी. विठ्ठल व्हायला तिघे तयार. रखुमाई व्हायला कुणीच नाही, कारण रखुमाईला फुगडी खेळता येत नाही. कारण अगदी रास्त. विठ्ठलासाठी चिठ्ठ्या टाकल्या. हरलेल्यांपैकी एक म्हणाला, ‘चिठ्ठ्या बाईंनीच घातल्या की!’ मग त्याच्याच हातानं घड्या घालायला लावल्या. पुन्हा हरला, पण या वेळी रडला नाही. मारुतीच्या देवळापर्यंत जाईतो विठोबाला कमरेवर हात ठेवून उभं राहायचा कंटाळा आला. त्यानं मुकुट काढून हरलेल्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याच्याकडचे टाळ घेतले. मी बघितलं, बोलले मात्र नाही. मधे पडले असते तर पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या.

मंगळवार, ८ जुलै
पियाजेचं १९३२ सालचं मुलांच्या नीतिविचारावरचं पुस्तक आठवावं असा प्रसंग. त्यात तो मुलांना दोन गोष्टी सांगतो. एकानं दार उघडलं आणि दारामागे ठेवलेले १५ कप नकळत फुटले. दुसऱ्यानं चोरून मुरांबा काढताना १ कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुधा १५ कपवाल्याचं नाव घेतात. त्यांच्या हिशेबात हेतू नसतो, नुकसान असतं.

आमच्याकडे एकजण दुसऱ्याची घरंगळलेली पेन्सिल उचलायला वाकला आणि त्याच्या कोपरानं पाण्याची बाटली सांडली. तीन वह्या भिजल्या. वर्गाचा निकाल लगेच तयार: ‘कोंबडा करा!’ ‘अंगठे धरायला लावा!’ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, पण हे न्यायाधीश सहा-सात वर्षांचे. यांनी कोंबडा झालेला कुणी पाहिलेलाही नाही. आजोबांच्या गोष्टींतून आला असावा. मी आरोपीलाच विचारलं, ‘तू खाली कशाला वाकलास?’ त्यानं सांगितलं. ज्याची पेन्सिल होती तो म्हणाला, ‘हां बाई, माझ्यासाठीच.’ मग दोघांनी मिळून वह्या दोरीवर वाळत घातल्या. बाकीच्यांना हा निकाल फारच पुचाट वाटला.

शुक्रवार, ११ जुलै
खिचडीच्या रांगेत ढकलाढकली. पोषण आहाराच्या मावशींनी डाव वर धरला: ‘जो ओरडंल तो शेवटी.’ झालं. माझ्यापेक्षा त्यांचं कोर्ट वेगवान.

दुपारी एकुलत्या लाल खडूवरून ओढाताण. माँटेसरीच्या वर्गात प्रत्येक साधन मुद्दाम एकेकच ठेवतात, मुलांनी आपली पाळी येईतो थांबायला शिकावं म्हणून. आमच्याकडे खडू एकच उरलाय म्हणून एक आहे. थांबणं मात्र शिकतायत, हळूहळू.

सोमवार, १४ जुलै
आज मन लागलं नाही. सकाळी सगळ्यांना नव्या पेन्सिली दिल्या. दुपारी ऊसतोडीहून आलेल्या मुलाच्या हातात बोटभर तुकडा, वरचं टोक चावून चोथा केलेलं. ‘नवी कुठाय?’ ‘हीच हाय बाई माझी.’ तुकडा हातात घेऊन पाहिला. चावल्याच्या खुणा दोन रुंद, ठसठशीत दातांच्या. याचे पुढचे दोन्ही दात पडलेत, अजून आलेले नाहीत.

गेल्या हंगामात तो आई-बापाबरोबर फडावर होता. वर्ग पुढे गेला, दोस्त्या जुळल्या, हा परतला तेव्हा कोपऱ्यातली जागा तेवढी उरली होती. जूनपासून त्याच्याकडून एकही तक्रार आलेली नाही. मी त्याला शहाणा मुलगा समजत होते.

सगळ्यांच्या पेन्सिली टेबलावर मागवल्या आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी डकवली. रुंद दातवाल्यानं दोन पेन्सिली आणल्या आणि त्यातली एक, न विचारता, परत केली. त्याला एवढंच सांगितलं की पेन्सिल संपली तर माझ्याकडे ये. ‘चोर’ हा शब्द वर्गात पडला तर दहावीपर्यंत पिच्छा सोडत नाही. ऊसतोडीवाल्याची जागा बदलून दोन वेण्यांच्या शेजारी दिली.

बुधवार, १६ जुलै
दोन वेण्यांनी वकीलपत्र घेतलंय. ‘बाई, ह्याच्या पाटीला त्यानं हात लावला.’ ‘बाई, ह्याला रांगेत पुढं जाऊ देईनात.’ हा शेजारी मान खाली घालून बसलेला. आज परिपाठानंतर मात्र स्वतःहून टेबलापाशी आला, माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला. ‘काय रे?’

‘बाई, ही मला लिहूच देत नाही. सारखी बोलायलीय.’

वकीलबाई जागेवरून उठल्याच. ‘मी? मी तर ह्याच्याच तक्रारी सांगायले!’ दोघांचंही पूर्ण ऐकून घेतलं. त्यात गणिताचा तास गेला. वजाबाकी उद्या.